पुरातन मंडळाचे दळवीकाका

आमच्या सी-विंगच्या दळवीकाकांनी दुकानातून आणलेले नवेकोरे टाळ महिनाभर तुळशीच्या कुंडीत पुरून ठेवले होते. का? तर त्यांच्यावर हिरवट गंज चढावा. मग ते उकरून काढले आणि आल्यागेल्याला दाखवत सुटले, "बघा, किती जुने!" मी त्यांचा शेजारी. मंडळात पेटी वाजवतो, म्हणजे पळून जायची सोय नाही.

आमचं भजनी मंडळ पार्किंगमध्ये सुरू झालं तेव्हा बिल्डिंगचा रंगही ओला होता. नाव काय ठेवायचं? काका म्हणाले, "पुरातन ठेवा. वजन येतं." ठेवलं. तिथेच फसलो. नाव बॅनरवरून उतरलं ते थेट काकांच्या डोक्यात शिरलं. पहिल्या वर्षी मंडळ त्यांच्या आजोबांनी रत्नागिरीत काढलेलं होतं. दुसऱ्या वर्षी ते पेशवाईत गेलं. तिसऱ्या वर्षी पांडव वनवासात घोडबंदरला उतरले आणि आमचं भजन ऐकून गेले. तेव्हा पेटीवर कोण होतं, हे मी विचारलं नाही. माझंच नाव घेतलं असतं.

"काका, पुरावा काय?"

"नावातच आहे! उगाच कोणी पुरातन म्हणेल का?"

"पण नाव तुम्हीच ठेवलंत!"

"मग मला सुचलं कसं? आतून आलं ना रे!"

आता डोकं आपटायचं तर कुठे? पार्किंगचे खांबही त्यांनी शिवकालीन ठरवलेले.

त्यात बी-विंगचा नाईक भांडून फुटला आणि त्याने 'अतिप्राचीन भजनी मंडळ' काढलं. काकांनी मला ओढत केबिन रोडच्या बॅनरच्या दुकानात नेलं आणि 'अनादि पुरातन'चा बॅनर छापला. नाईकने लगेच 'आद्य अनादि'चा. शेवटी बॅनरवाले मुकेशभाई हात जोडून म्हणाले, "काका, इससे पुराना शब्द अब मेरे पास नहीं है. स्टॉक खतम."

एवढ्यात शेजारच्या गोडदेव गावातल्या देवळातून दोन्ही मंडळांना भजनाचं बोलावणं आलं. अट एकच: सगळ्यात जुन्या मंडळाने पहिला अभंग म्हणायचा. काकांचं जेवण सुटलं. आमच्या पांढऱ्या टोप्या त्यांनी चहात बुडवून पिवळ्या केल्या. माझ्या टोपीला अजून आल्याचा वास येतोय.

देवळाच्या दारातच काका आणि नाईक भिडले.

"आम्ही आधीचे!"

"हट्! आमच्या नावातच आहे!"

आत गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांनी केव्हाच सुरुवात केली होती. माइक नाही, बॅनर नाही. अभंग संपल्यावर काका तणतणत पुढे गेले. "आजी, तुमच्या मंडळाचं नाव काय?"

"नाव न्हाय रं. माजी सासू म्हनायची, तिची सासू म्हनायची. आता आमी म्हनतो." आजीने त्यांना खालवर न्याहाळलं. "तू कुटला?"

झालं! मी पांडवांची वाट बघू लागलो.

काकांनी डोक्यावरची पिवळी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "कुठलाच नाही, आजी. लहानपणी गाव सुटलं. मग परळची खोली सुटली. जाईन तिथे नवाच. इथेही कालचाच."

आजी जरा सरकली. "मंग बस की हितं."

काका बसले. पुढचा अभंग त्यांना येत नव्हता. आजीच्या ओठांकडे बघत ते एकेक शब्द मागून म्हणू लागले. नाईक तावातावाने आत आला. "काय ठरलं? पहिलं कोण?"

काकांनी वर न बघताच शेजारची सतरंजी थोपटली.