शेळके काकांना जुनंच पाहिजे

आमच्या शेजारचे शेळके काका दिसेल ते मोठ्यानं वाचतात. काकूंना घेऊन भिंगारच्या बाजारात निघाले की पहिल्या दुकानापासून सुरू. "येथे शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल. कृपया दारासमोर वाहने लावू नयेत." गोळ्यांचं पाकीट आणलं तर मागची बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाहीत. लग्नाची पत्रिका आली की कुलदैवतापासून धरतात ते थेट तळाच्या "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" पर्यंत. सत्तरीचा माणूस, झुपकेदार मिशा, आणि 'यायचं हं'. भिंतीपलीकडून ऐकताना मला हसू आवरत नाही.

काकांची सगळी नोकरी लष्कराच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेली. त्यामुळे कागदावर भारी श्रद्धा. "लिहिलंय म्हणजे हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रजिस्टरला दहा बादल्या असतील आणि समोर नऊच दिसत असतील, तर आधी आपले डोळे तपासावेत, असं त्यांचं मत.

या श्रद्धेनंच घात केला. मुलीनं पाठवलेल्या टॅबलेटवर एका सकाळी सूचना आली. काकांनी ती खणखणीत वाचली, "नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. आता स्थापित करा." करा म्हटलंय म्हणजे करायचं. केलं. अर्ध्या तासानं बघतात तर सगळं बदललेलं. चित्रं वेगळी, रंग वेगळे, जागा वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी 'टीचर'.

"टीचर, मला जुनं परत बसवून पाहिजे."

"आठ दिवसांत सवय होईल, काका."

"न्हाई होनार. मला त्याचे रंग आवडत न्हाईत."

आता खरं तर टॅबलेट वापरायच्या काकू. त्यांची धाकटी बहीण पारनेरला अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिला आलेला फोन एका बोटानं उचलता येतो, लावता येत नाही, आणि तिचं बोलणं तोंडाकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून रोज दुपारी दोनला काकू व्हिडिओ कॉल लावायच्या. खालच्या कोपऱ्यात बहिणीचा फोटो होता, त्यावर बोट ठेवलं की झालं. तो फोटो अपडेटमध्ये गेला. त्याऐवजी नावांची यादी आली. काका फोन लावून द्यायचे, पण मधेच तुटला तर पुन्हा लावायला शेजारीच बसून राहायचे, आणि बहिणीबहिणींच्या गप्पा काय नवऱ्यासमोर होतात? "जेवलीस का" वर आटपायचं सगळं. चौथ्या दिवशी काकूंनी नकोच म्हटलं. दोन वाजता भिंतीपलीकडून येणारं त्यांचं हसणं बंद झालं, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

यादीत बहिणीचं नाव होतं की. वाचायचं आणि दाबायचं. पण काका हट्टाला पेटलेले.

मी समजावलं, "जुनी सिस्टिम टाकता येईल. पण अपडेटनं फर्मवेअरही बदललंय. म्हणजे स्क्रीन, बॅटरी यांना चालवणारा आतला प्रोग्रॅम. तो नवा आणि सिस्टिम जुनी, असं जमेलच असं नाही. टॅबलेट कायमचा बंदही पडू शकतो."

"मग माझ्या जबाबदारीवर करा. अर्ज देतो."

आणि खरंच दिला. 'विषय: जुनी सिस्टिम परत बसवणेबाबत.' माझ्यासमोर उभं राहून वाचूनही दाखवला.

दोन दुपारी मी लॅपटॉपला वायर जोडून बसले. दर वेळी एकच उत्तर यायचं आणि दर वेळी काका ते जाहीर करायचे, "ही आवृत्ती या उपकरणाशी सुसंगत नाही."

"काका, मला येतं वाचता."

"व्हय, पन लिहिलंय ना."

तिसऱ्या दुपारी काकूही आल्या, सोबत गरम शेंगोळ्यांचं पातेलं. त्या दिवशी मी आडवळणानं घुसवून बघितलं, आणि काय आश्चर्य, जुना पडदा उजळला. तेच रंग, कोपऱ्यात बहिणीचा फोटो. काकूंनी पदराला हात पुसले आणि बोट नेमकं फोटोवर ठेवलं. काही होईना. पुन्हा ठेवलं. चित्र जुनं आलं होतं, पण स्पर्श ओळखणारं फर्मवेअर नवं. दोघांचं पटेना. खाली एक ओळ उमटली.

तीन दुपारी वाया गेल्यानं माझं डोकं फिरलं होतं. काकांनी तोंड उघडलं तशी मी म्हणाले, "तुम्ही थांबा हो. काकू, तुम्ही वाचा बरं, काय लिहिलंय?"

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चष्मा न्हाई आणला."

काकूंना मी कधी चष्मा लावलेला पाहिला नव्हता. काका घाईनं उठले, "शेंगोळ्या गार होतील, ताटं घे," म्हणाले आणि मला खुणेनं फाटकाशी घेऊन गेले.

"तिला वाचता येत न्हाई, टीचर. लग्नात सातवी पास सांगितलं हुतं. पहिल्याच महिन्यात मला कळलं. स्टँडवर तिला म्हणलं, पारनेरच्या गाडीत जागा धर. ही भलत्याच गाडीत बसलेली. घाबरली. मी म्हणलं, पाटीच चुकीची लावली असंल त्यांनी."

"मग?"

"मग काय. तिला वाटतं, मला ठाऊक न्हाई. विचारायची पाळी येऊ नये म्हणून मी आधीच वाचून टाकतो. आणि ही सूचना वाचून मीच बटन दाबलं. बहिणीपासनं मीच तोडलं तिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'वाचा बरं' म्हणे. आणि रंग आवडत नाहीत हे मी खरं मानलं, नाहीतर उपाय पाच मिनिटांचा होता. घरात येऊन मी नवीन सिस्टिम परत टाकली, पण पहिला पडदा जुन्यासारखा मांडला. जुनी चित्रं जुन्या जागी, कोपऱ्यात बहिणीचा फोटो. दाबलं की थेट कॉल. काकूंना एवढंच म्हणाले, "काकांना सोपं जावं म्हणून केलंय हं असं."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता काका घरातून बाहेर येऊन पायरीवर बसले. मी शाळेतून येत होते, मीही टेकले. आत आधी काकूंचं हसणं ऐकू आलं, मग बोलणं.

"अगं, बंद कुठं पडलंय! ह्यांना नवीन काय उमगंना. टीचरनी पुन्यांदा जुन्यावानी करून दिलं. वय झालं गं आता ह्यांचं. सांभाळून घ्यावं लागतं." मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "व्हय ना हो?"

"व्हय," काकांनी बसल्या जागेवरून आवाज दिला, "मला न्हाई जमत नवीन."

आत पुन्हा हसणं सुरू झालं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, आणि काकूंचं बोलणं ऐकू येऊ नये एवढ्या अंतरावर, अंगणाच्या टोकाला, जाऊन उभे राहिले.