सुलोचनाकाकूंचा पहिला अल्बम

आमच्या शेजारच्या सुलोचनाकाकू भाकरी थापताना काळा गॉगल लावतात. धुराचा त्रास म्हणावा, तर त्यांच्याकडं गॅस आहे. "गॉगल असल्याबगर डिस्कोचा सूर लागत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

शिरड शहापूरच्या शाळेत माझी बदली झाली, त्या पहिल्याच दुपारी भिंतीपलीकडून थाप-थाप असा ठेका आला आणि त्यावर एका बाईचा घोगरा, मधाळ आवाज. हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावावर तो ओला, उबदार वास तरंगत होता. मी वह्या सोडून भिंतीला टेकून बसलो. गाणं संपलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

काकूंचे यजमान लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे, त्यामुळं घरात कॅसेटींची रास. ते गेले, पोरगी नांदायला गेली. मग काकू स्वतःच गाणी रचू लागल्या. "डिस्को म्हंजे पाय, सर. अन् सोल म्हंजे जीव. दोनी बराबर पडाय पाह्यजेत." 'सोल' हा शब्द त्यांना एका कॅसेटच्या डबीवर सापडला होता. गल्लीतले शिंपी गफारभाई म्हणाले, "भाभी, सोल तो चप्पल को रहता." काकू त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्याचकडं टिकल्यांचं जाकीट शिवायला टाकलं.

जाकीट शिवून आलं तसं म्हणाल्या, "सर, आल्बम काढायचाय. तुमी संगं चला."

एकसष्टाव्या वर्षी पहिला अल्बम! रविवारी एसटीनं हिंगोली गाठली. काकू जाकीट घालून खिडकीशी; ऊन पडलं की बसभर चांदण्या फिरायच्या.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली. काकू माईकपुढं उभ्या राहिल्या आणि आवाजच फुटेना.

"काकू, कसंबी गा," रेकॉर्डिंगवाला समजुतीनं म्हणाला. "मशीनवर सूर नीट करून घेऊ."

"काहून? मशीनला गायला येते का?"

तरी आवाज फुटेना. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. "सर, समोरच्या खानावळीतून पीठ अन् परात आणा."

मी आणली. खानावळवाला दारापर्यंत बघत आला. काकूंनी बाह्या सारल्या, गॉगल चढवला, पहिली थाप मारली, आणि गळा मोकळा झाला. दिवस कलेपर्यंत आठ गाणी झाली. जाकिटावर पीठ, रेकॉर्डिंगवाल्याच्या मिशीवर पीठ.

"नाव काय टाकायचं अल्बमवर?" त्यानं विचारलं.

काकूंचे हात थांबले. "छबू."

"आडनाव?"

"नुसतं छबू."

परतीच्या बसमध्ये त्यांनी जाकिटावरचं पीठ झटकलं. मग आपणहून म्हणाल्या, "लग्नात यांनी ताटातल्या तांदळात सुलोचना लिहिलं. तवापासून सुलोचना. माय छबू म्हनायची, मंग भाऊ. औंदा भाऊबी गेला. त्या नावानं हाक मारणारं कोनी राहिलं न्हाई, सर."

अल्बम मोबाइलवर आला. गफारभाईंनी तो दुकानात लावून ठेवला. बाकी फारसं कुणी ऐकलं नाही. पंधरा दिवसांनी काकू फोन घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. "गाण्याखाली काई तरी लिहेल दिसून राहिलं. वाचा बरं."

कुण्या अनोळखी माणसानं लिहिलं होतं. मी वाचलं, "छबू, अजून एक गा ना."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"पुन्यांदा वाचा."

"छबू—" मी सुरुवात केली.

"ओ," काकू म्हणाल्या.