नारोपंत मास्तरांची चिमूट

नारोपंत मास्तर कोणालाही भेटले की आधी त्याच्या उपरण्याचा काठ चिमटीत धरून चोळायचे. नमस्कार नंतर. काठ चोळताना डोळे मिटायचे, ओठ आत घ्यायचे आणि निकाल द्यायचे, “सुती.” मग काठ सोडून तुमच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, “अरे, तुम्ही होय!”

एकदा देवळात कीर्तन चाललं असताना त्यांनी पुढे बसलेल्या माणसाचं धोतर मागून चोळलं. तो गृहस्थ ओरडत उठला. नारोपंत शांतपणे म्हणाले, “सुती. बसा.”

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या आमच्या शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि मी संस्कृत. मला गाव शास्त्रीबुवा म्हणतं. पाठीमागे संशयीबुवा म्हणतं, हे मला ठाऊक आहे, आणि कोण कोण म्हणतं तेही ठाऊक आहे. काय करणार? दूध आलं की मला त्यात पाणी दिसतं. कोणी माझी स्तुती केली की मी आधी माझी छत्री जागेवर आहे का ते बघतो. अशा माणसाच्या शेजारच्या वर्गात हा कापड चोळणारा माणूस आणून बसवल्यावर माझी काय अवस्था होणार!

आमच्या दोन वर्गांत फळ्यांची भिंत होती आणि त्या भिंतीला एक भोक होतं. मी मुद्दाम डोळा लावत नसे. माझी खुर्चीच तिथे होती.

त्या भोकातून मी जे पाहिलं ते असं. टेबलावर एक भलंमोठं नालाच्या आकाराचं लोहचुंबक. त्याच्या दोन पायांच्या मधोमध तांब्याच्या तारेचं गुंडाळं, आणि ते फिरवायला एक दांडा. नारोपंत दांडा फिरवायचे, की पलीकडे ठेवलेली होकायंत्राची सुई टुणकन उडी मारायची. मग ते पोरांना एकमेकांचे हात धरायला लावून टोकाच्या दोघांच्या हातात तारा द्यायचे आणि पुन्हा दांडा फिरवायचे. सगळी रांग एकदम किंचाळायची. नारोपंत खूश व्हायचे.

“चाक फिरवा, वीज निघते,” ते सांगायचे. मग त्याच तारा वीज देणाऱ्या तेजाबाच्या बरण्यांना जोडायचे, आणि दांड्याला हात न लावता गुंडाळं आपलं आपण गरगर फिरायला लागायचं. “आणि वीज द्या, चाक फिरतं! यंत्र तेच. तुम्ही त्याला काय देता त्यावर ते तुम्हाला काय देणार ते ठरतं.”

एवढं झालं की दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, “आता कोणी विचारील, कशावरून?”

वर्गात कोणीही विचारत नसे. पोरांना आपला झटका हवा असे. नारोपंत थोडं थांबायचे, जणू दारातून कोणी खरंच विचारणार आहे, आणि मग त्या न विचारलेल्या प्रश्नाचं इतकं मनापासून उत्तर द्यायचे की तास संपून जायचा. हा ‘कोणी’ कोण, याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. मला वाटे, तो मीच. भोक त्यांना दिसलं असणार.

तारेवर रेशीम का, हेही मला त्या भोकातूनच कळलं. “तारेवर तारेचे वेढे बसतात,” ते सांगत होते. “दोन वेढे एकमेकांना उघडे लागले तर वीज लांबच्या वाटेने जात नाही, मधल्यामध्ये पळते. म्हणून तारेला आधी रेशीम गुंडाळायचं, सोवळं नेसवल्यासारखं. रेशमाला विटाळ नाही हे तुमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. विजेलाही ठाऊक आहे. ती रेशीम ओलांडून जात नाही.”

झालं! पोरं घरी गेली आणि वीज सोवळ्यात असते असं सांगती झाली. दुसऱ्या दिवशी दोन पालक विचारायला आले, की मग विजेचा झटका बसल्यावर आंघोळ करायची की नाही? नारोपंतांनी त्या दोघांचेही काठ चोळले.

पुढे त्यांनी दुसरं यंत्र करायला घेतलं आणि त्यांची भूक वाढली. दारोदार जाऊन विचारू लागले, “जुना कद आहे? फाटका मुकटा? उंदरांनी खाल्लेलं पीतांबर? चालेल, चालेल.” जुनी वस्त्रं गोळा करणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलतात ते सांगायला नको. करणी, चेटूक, सगळं बोलून झालं. मला तसल्या गोष्टी पटत नाहीत. माझा संशय साधा होता. हा माणूस रोज संध्याकाळी शाळेचं यंत्र फडक्यात बांधून घरी नेतो. शाळेत कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे. मग घरी का?

म्हणून मी त्यांना माझा जुना मुकटा, सोवळ्याचं रेशमी वस्त्र, दिला. उदारपणाने नव्हे, त्याचं पुढे काय होतं ते कळावं म्हणून. माझ्या मुंजीनंतर वडिलांनी घेतलेला, वीस वर्षं मी तो नेसून पूजा केली आणि जेवलो. नारोपंतांनी तो हातात घेतला, पण चोळला नाही. म्हणाले, “शास्त्रीबुवांचं सोवळं! त्यात काय तपासायचं?”

दुसरं यंत्र पुरं झालं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब, म्हणजे आमचे निवृत्त मामलेदार, प्रयोग बघायला आले. एका टेबलावर एक यंत्र, दुसऱ्यावर दुसरं, मधे दोन तारा. इकडे दांडा फिरवला की तिकडचं चाक फिरणार, असं नारोपंतांनी जाहीर केलं आणि दांडा फिरवला. खूप फिरवला. घाम आला. तिकडचं चाक ढिम्म.

नारोपंतांनी यंत्र उलटंपालटं केलं, गुंडाळ्यातून एक धागा ओढला आणि दिव्यावर धरला. नाकाशी नेला. मग भर वर्गात, रावसाहेबांच्या समोर, अत्यंत दुःखाने म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुमचा मुकटा निम्मा सुती आहे. रेशीम जळलं तर केसासारखा वास येतो, याला कागदाचा येतोय. खाडीच्या दमट हवेत सूत ओलं झालं आणि वीज गळली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मी सुती वस्त्र नेसून सोवळ्यात जेवलो, हे गावाला एका मिनिटात कळलं! घरी बायको पदराआडून म्हणाली, “म्हणजे इकडचं इतक्या वर्षांचं सोवळं फुकटच गेलं म्हणायचं!” आणि आत जाऊन हसली. मी ऐकलं.

त्या रागात मी मंडळाला अर्ज लिहिला. निनावी, डाव्या हाताने. मास्तर घरोघरची वस्त्रं जमवतात ती कशासाठी? यंत्र रोज घरी जातं ते कशासाठी? विजेच्या नावाखाली ही हातचलाखी तर नव्हे? अर्ज उत्तम उतरला होता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं.

रावसाहेबांनी निकाल दिला. येत्या रविवारपर्यंत चाक फिरवून दाखवा, नाहीतर पदार्थविज्ञानाचा वर्ग बंद आणि मास्तरांनी दुसरीकडे पोट भरावं. नारोपंत म्हणाले, “दाखवतो. पण माझ्या घरी. एक यंत्र आता शाळेत आणता येणार नाही.”

आणता येणार नाही? का? माझे कान टवकारले.

रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. रावसाहेब, मी आणि मंडळावरचे एक मिठागरवाले पाटील. नारोपंत एकटेच राहतात असा माझा समज होता. समोर पाटावर यंत्र, त्याच्या आसाला कागदाची भिंगरी. दोन तारा जमिनीवरून जाऊन आतल्या लोटलेल्या दाराखाली गेल्या होत्या. नारोपंतांनी त्या दिवशी कोणाचाही काठ चोळला नाही.

त्यांनी दारावर टिचकी मारली. आत जात्याची घरघर सुरू झाली, आणि पाटावरची भिंगरी हलली. थबकली. पुन्हा हलली, आणि मग अशी सुटली की तिच्या पाकळ्या दिसेनाशा झाल्या.

“आगं बाय!” पाटील उठून उभे राहिले. “हात नाय, वारा नाय, नि यो चाक फिरतं कसा?”

“आत दळण चाललंय,” नारोपंत म्हणाले. “जात्याच्या वरच्या तळीला दोरी लावून पहिलं यंत्र जोडलंय. शाळेत जातं कुठलं? दांड्यापेक्षा जातं जोरात फिरतं. त्या जोराची वीज होते, आणि विजेचं इथे पुन्हा चाक फिरतं.”

रावसाहेबांनी चष्मा पुसला. पाटाखाली काठी घालून पाहिली. मग म्हणाले, “कशावरून? दाराखालून दोरा ओढत नसेल कशावरून?”

नारोपंतांचा चेहरा असा उजळला की मला कळेना, हा माणूस अडचणीत आहे की लग्नात. इतक्या वर्षांत बाहेरच्या माणसाने तो प्रश्न विचारल्याची ती पहिलीच वेळ होती.

“आत जाऊन बघा,” ते म्हणाले.

रावसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. “शास्त्रीबुवा, तुम्ही जा. तुमच्याइतका संशयी माणूस ठाण्यात दुसरा नाही.”

मी गेलो, आणि पाठीमागे दार लोटून घेतलं. लबाडी पकडायची तर पुरती पकडावी.

आत जात्याशी एक बाई बसली होती. विधवेचं लाल अलवण, डोक्यावरून पदर, वय चाळिशीचं. मला बघून ती हडबडली आणि जातं थांबलं. बाहेर पाटील ओरडले, “थांबला, थांबला!”

“मी द्वारका. नारूदादाची बहीण,” ती खाली बघत म्हणाली. “मी बाहेर येत नाही कोणासमोर. आपण शास्त्रीबुवा ना? दादा सांगतो. तो शाळेतला सगळा धडा रोज संध्याकाळी मला सांगतो, यंत्र घरी आणून. मी आपली सारखी विचारते, कशावरून, कशावरून. कंटाळत असेल बिचारा.”

म्हणजे तो ‘कोणी’ मी नव्हतो तर. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं.

मी खाली वाकून यंत्र तपासलं. दोरा नव्हता, कळ नव्हती. पण गुंडाळ्यावरचं रेशीम बघून मी थांबलो. ते जुन्या मुकट्याचं मळकं रेशीम नव्हतं. गर्द डाळिंबी होतं, कोरं, उजेडात चमकणारं. बाजूला एका वाटीत जरीच्या तारा काढून ठेवल्या होत्या.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“माझा शालू. लग्नातला.” ती जात्याच्या खुंट्याकडे बघत होती. “एकदाच नेसले होते. दादा हात लावू देत नव्हता. तुझी तेवढीच एक वस्तू आहे म्हणायचा. दुसरीकडे कुठे खरं रेशीम मिळतं का म्हणून गावभर काठ चोळत फिरला बघा. लोक हसतात त्याला, मला ठाऊक आहे. शेवटी एक मुकटा मिळाला होता…” तिने पदर पुढे ओढला. मग घाईघाईने म्हणाली, “तो तसा निघाला म्हणून मीच पेटी उघडली. दोन्ही यंत्रांवर आता तेच आहे. दादाची नोकरी जाईल तर शालू काय जाळायचाय? उसवला मीच, तारेला गुंडाळलाही मीच. दादा त्या दिवशी जेवला नाही.”

मला माझी लाज वाटली, आणि मुकटा विकणाऱ्या त्या मेलेल्या दुकानदाराचा राग आला, आणि डाव्या हाताचाही आला.

“शास्त्रीबुवा,” ती हळूच म्हणाली, “बाहेर फिरतं का हो खरंच?”

“म्हणजे? तुम्ही पाहिलं नाहीत?”

“दुसरं यंत्र नवं रेशीम गुंडाळून आज सकाळीच पुरं झालं. जोडतोय तोवर आपण सगळे आलात. मी फिरवते तेव्हा ते फिरतं म्हणे. पण बघायला उठले की थांबणार. मी कशी बघू?”

मी उपरणं कमरेला बांधलं आणि जात्याशी बसलो. “सरा,” म्हटलं. “दाराच्या फटीतून बघा.”

जन्मात कधी जात्याला हात लावला नव्हता. पहिल्या चार फेऱ्यांतच खांदा बोंबलायला लागला. ती दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, “फिरतंय!” मग जराशाने, “थांबवा बघू.” मी थांबलो. “थांबलं. आता फिरवा.” फिरवलं. “फिरलं! आता हळू… हो, तेही हळू झालं. आता जोरात!” असं तिने मला सहा-सात वेळा थांबवलं आणि फिरवलं. तिची पूर्ण खात्री होईपर्यंत सोडलं नाही. माझ्यापेक्षा संशयी माणूस मी ठाण्यात पहिल्यांदाच पाहिला. शेवटी ती मोठ्याने हसली, आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

मी बाहेर आलो तेव्हा धोतरभर पीठ होतं.

“काय शास्त्रीबुवा?” रावसाहेबांनी विचारलं. “आत काय लबाडी आहे?”

“लबाडी नाही. दळण आहे.”

“कशावरून?”

“दळत मी होतो,” मी म्हटलं.

रावसाहेब माझ्या धोतराकडे बघत राहिले, मग त्यांनी काठी उचलली. म्हणाले, “वर्ग चालू राहील.” पाटील पाटाशी बसून भिंगरीला बोट लावून बघत होते, त्यांना ओढूनच न्यावं लागलं.

सगळे गेल्यावर नारोपंत माझ्याजवळ आले. माझ्या उपरण्याचा काठ चिमटीत धरला, चोळला, पीठ झाडलं.

“सुती,” ते म्हणाले. पण काठ त्यांनी सोडला नाही, बराच वेळ.