सुई आणि आमची बारीक नजर

कुठलीही गोष्ट जवळून पाहिली की कळते, असा मानवजातीचा जुना समज आहे. आमची प्रयोगशाळा त्याच समजावर उभी आहे. बॅटरी चार्ज होताना तिच्या पोटात काय घडते, ते आम्ही घडत असतानाच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. धुळीच्या कणाएवढी बॅटरी करायची, तिला तार जोडायची आणि श्वास रोखून बसायचे. (तरी चित्र हललेच तर खापर लिफ्टवर फोडायचे.)

अकरा महिने आम्ही लिथियमची एकच सुई पाहिली. चार्ज होताना बॅटरीच्या पोटात अशी सुई उगवते आणि वाढत वाढत शेवटी बॅटरीचा जीव घेते. आमची सुई इतरांच्या चौपट वेगाने वाढे. त्यावर मी तीन व्याख्याने दिली आणि त्या वेगाला स्वतःचे नाव दिले. (विनयाने फक्त आडनाव.) सोमवारी समिती येणार होती. माझी नेमणूक कायम होणार की नाही, ते या सुईवर ठरणार होते.

शुक्रवारी यंत्र सांभाळणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तार जोडलेलीच नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच, बहुतेक."

म्हणजे बॅटरी कधी चार्ज झालीच नव्हती. (मीटर शून्य दाखवी, ती आम्ही बॅटरीची काटकसर मानली.) पाहण्यासाठी सोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या झोतानेच सुई वाढत होती. जितके निरखून पाहावे, तितकी जोमाने. कारण शोधायला मी जगभरचे संदर्भ पालथे घातले होते आणि कळसा काखेत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

घरी लेकीची परीक्षा जवळ आलेली. मी दर दहा मिनिटांनी तिच्या खोलीचे दार उघडून पाहत असे. एकूण निरीक्षणे सत्तेचाळीस. अभ्यास करताना आढळली शून्य वेळा. त्या संध्याकाळी अठ्ठेचाळिसाव्यांदा दार उघडले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दार उघडता म्हणून तर मी वर बघते."

सोमवारी मी समितीला सगळे खरे सांगितले. माझा प्रामाणिकपणा समितीला फार आवडला. नेमणूक तिने वर्षभर लांबवली आणि तोवर माझ्या कामावर बारीक लक्ष ठेवायचे ठरवले. आता मी दर तासाला प्रगतीचा अहवाल देतो. अहवाल लिहायला पाऊण तास लागत असल्याने प्रगती तूर्त थांबली आहे. समितीच्या मते, लक्ष आणखी वाढवायला हवे.

तुम्हाला हसू येत असेल. आता जरा फोनची बॅटरी किती उरली ते बघा. मघाशी बघितली होती त्याहून कमीच असेल. का कमी झाली ते कळत नसेल, तर पुन्हा बघा.