साठ फुटांवरचा माग

“कुत्री जमिनीपासून साठ फूट वर गेली आहे, म्हणजे तिने माग सोडला,” परीक्षक हेर्लेकर साहेब तिसऱ्यांदा म्हणाले, आणि मीही तिसऱ्यांदा सांगितलं की मोहरीने माग सोडलेला नाही, टेकडीने जागा सोडली आहे.

आम्ही दोघंही वर बघत होतो. माझी मोहरी, साडेसहा किलोची टेरियर, खाणीच्या सपाट तळाच्या वर साठ फुटांवर हवेत पोट टेकून बसली होती. पुढचे पाय सरळ, मान ताठ. वस्तू सापडली की बसायचं तशी. तिच्या पोटाखालून एक घार निघून गेली.

“आजी, तिला खाली बोलवा.”

“आजी तुमच्या घरी. इथे मी स्पर्धक क्रमांक अकरा. आणि बोलावणार नाही. मी वस्तूजवळ पोचेपर्यंत उठायचं नाही, हे तिला शिकवायला मला चौदा महिने लागलेत.”

दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे घोडटेकडी होती. रस्त्याच्या भरावासाठी ती डंपरने नेली. मागे छान सपाट मैदान उरलं, म्हणून मंडळाने कुत्र्यांसाठी रक्षणाच्या आणि माग काढण्याच्या स्पर्धा इथे ठेवल्या. रक्षणात मोहरी आदल्या दिवशीच पास झाली होती. हल्लेखोराचं सोंग घेतलेल्या सहा फुटी माणसाच्या हातावरच्या जाड बाहीला ती लोंबकळली. त्याने तिला दोनदा गरगर फिरवलं, तरी मी “सोड” म्हणेपर्यंत सुटली नाही. अल्सेशियनवाले हसायचे थांबले ते तेव्हा.

राहिला होता माग. त्यात आम्ही दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा नापास झालेल्या कुत्र्याचं नाव कायमचं काढून टाकतात, आणि मोहरीला नववं वर्ष लागलं आहे. उंदीर मारायची जात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मला ते प्रमाणपत्र दाखवायचंच होतं. मी कुणा उस्तादाकडे शिकले नाही. पावलाच्या प्रत्येक ठशात बकऱ्याच्या उकडलेल्या काळजाचा तुकडा ठेवत गेले. वाकून वाकून माझी कंबर गेली आणि तिचं नाक तयार झालं.

त्या दिवशी सकाळी सात वाजता धुळातात्यांनी माग घातला. मंडळाने गावातला एक माणूस मागितला होता. त्याने नकाशाप्रमाणे सहाशे पावलं चालायचं आणि वाटेत तीन वस्तू टाकायच्या. तात्यांनी काम चोख केलं. तासाभराने मी मोहरीला मागाच्या सुरुवातीच्या निशाणापाशी नेलं आणि “शोध” म्हटलं. चाळीस पावलं ती नकाशाप्रमाणे गेली. मग थांबली, नाक आणखी खाली घातलं आणि चढायला लागली. माझ्या हातातला दोर दहा मीटरचा. तो संपला तेव्हा मी सोडला.

“तोही दोष आहे,” साहेब म्हणाले. “कुत्र्याच्या दहा मीटर मागे राहायचं असतं.”

“मागेच होते. खाली.”

साहेब माणूस वाईट नाही. श्वानपथकात आयुष्य गेलं त्यांचं, नियमपुस्तक तोंडपाठ. तरी त्यांनी ते उघडलं. “माग नकाशावरचाच हवा.”

“मोठ्याने वाचा की. ‘माग घालणाऱ्या व्यक्तीच्या पावलांचा’ असं लिहिलंय. कुठल्या दिवशीच्या पावलांचा, ते कुठे आहे?”

त्यांनी वाचलं. नव्हतं. मग ते तात्यांकडे वळले. “तुम्ही या टेकडीवर कधी गेला होतात?”

“कवा म्हंजी?” तात्यांना प्रश्नच कळेना. “चाळीस वर्सं शेरडं चारली की वर. सकाळी जायाचं, दिस कलला की यायचं. तुमच्या मागावर म्या आज येकदाच चाललोय.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “नाक खाली ठेवून गेली, ते मी पाहिलं. पण वळणं बरोबर घेतली कशावरून?”

“म्या हितनं सांगतच हुतो न्हवं. निवडुंगापाशी उजवीकडं जाईल म्हनलं, गेली. करवंदीच्या जाळीत कान अडकंल म्हनलं, अडकला.”

हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मान झटकून तिने कान सोडवला होता. साहेबांनी जाळीपाशी रेंगाळल्याबद्दल अर्धा गुण कापला. तो मी कापू दिला. जाळी होती हे त्यांनी कागदावर मान्य केलं ते मला पुरे होतं. असं कापत कापत ते सहासष्टवर आले. पास व्हायला सत्तर लागतात. वस्तूचे सात अजून धरायचे होते.

“वर कोणती वस्तू आहे?” साहेबांनी विचारलं.

तात्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं आणि बराच वेळ वर पाहिलं. “माजी डावी व्हाण असंल. थोरली झाली तवा खालनं हाळी आली, ‘धुळा, लेक झाली रं!’ म्या तसाच पळत सुटलो. येक व्हाण वरच ऱ्हायली. दुसऱ्या दिशी लई हुडकली, गावली न्हाई. थोरलीची लेक आता कालेजात जाती.”

 रांगेतले अल्सेशियन न सांगता खाली बसले.

“चामड्याची,” साहेब हळूच म्हणाले. “चामड्याची वस्तू नियमात बसते.” मग घसा खाकरून, “पण स्पर्धकाने ती हातात धरून, हात उंच करून परीक्षकाला दाखवायची असते. त्याशिवाय सात देता येत नाहीत. आणि तिथे जायला आता वाट नाही. मी सहासष्टवर सही करतो, बाई.”

“हात आवरा,” मी म्हणाले. “तात्या, वाट कुठून सुरू व्हायची?”

तात्या चार पावलं चालून उभे राहिले. “हितनं. पयला दगुड गुडघ्याएवढा हाय, अक्का. पदर खोचा.”

मी पदर खोचला आणि पाय उचलून ठेवला. दगड होता. त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघे जसे वाजतात तसे वाजले. पुढे मुरूम घसरत होता, पण पायाला धरत होता. तात्या खालून एकेक वळण सांगत होते. करवंदीत लुगडं अडकलं, ते सोडवलं. खाली पाहिलं तर साहेबांची टोपी बशीएवढी दिसली. वर वारा होता. खाली सकाळपासून पानसुद्धा हललं नव्हतं. आणि वरून नदी दिसत होती, पार पलीकडच्या बंधाऱ्यापर्यंत. टेकडी नेल्यापासून या गावातल्या कुणाला नदी दिसलेली नाही. स्पर्धेचं घड्याळ चालू होतं, तरी मी बघत उभी राहिले.

मोहरी उठली नाही. फक्त शेपटी हलवली. तिच्या पुढच्या दोन पायांमध्ये टाचेला झिजलेली, अंगठा तुटलेली वहाण होती. मी ती उचलली आणि हात उंच केला.

खालून साहेब कपाळावर आडवा हात धरून ओरडले, “बाई, मला इथून काही दिसत नाही! दिसल्याशिवाय मी गुण लिहू शकत नाही!”

“दिसत नसेल तर तात्यांना पुढे घाला आणि वर या साहेब, वाट अजून चालती आहे.”