शिंपी आळीचं गार तेल

मंगळवारी सकाळी टिप्याचं पोट बिघडलं आणि त्याबरोबर शिंपी आळीतलं तेल तापायचं थांबलं.

इंदुमतीबाई खटावकरांना ते फोडणी करताना कळलं. गॅस पूर्ण मोठा होता, कढईचा तळ लाल व्हायला आला होता, पण मोहरी तेलात पडली ती तळाशी जाऊन गप्प बसली. बाईंनी तेलात बोट घालून पाहिलं. गार. त्यांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसला आणि त्या मागच्या अंगणात गेल्या. तिथे लिंबाच्या झाडाखाली त्यांचा कुत्रा पाठीची कमान करून उभा होता आणि त्यानं जे काही करून ठेवलं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे तूच का रे बाबा," बाई म्हणाल्या.

आळीत कुणाला नवल वाटलं नाही. कुत्र्याचं पोट बिघडलं की त्याच्या आळीचं तेल तापत नाही, हे सोनारखेडात सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण निराळीच होती. शुक्रवारी दुपारी समोरच्या दत्तोबा बोत्र्यांच्या कांचनचं लग्न होतं आणि तीनशे पानांच्या पुऱ्या आळीतच तळायच्या होत्या. तुपाला या प्रकरणाशी देणंघेणं नव्हतं, ते नेहमीसारखं तापत होतं. पण तीनशे माणसांच्या पुऱ्या तुपात तळणं एखाद्या संस्थानिकालाही झेपलं नसतं. शेजारच्या कासार आळीतून तळून आणाव्यात म्हणाल, तर मागे एकदा तोही प्रयोग झाला होता. आळीची हद्द ओलांडताच पुऱ्या पुन्हा कच्च्या झाल्या आणि टोपलीत एकमेकींना चिकटून बसल्या.

दुपारी नगरपालिकेच्या तेल विभागातले घोलप आले. त्यांच्या एका हातात लांब दांड्याचा तापमापक होता आणि काखेत नोंदवही. आळीतल्या एकोणीस घरांचं तेल मोजून ते बाईंच्या ओट्यावर टेकले.

"जनावर कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"वय?"

"माझं का त्याचं?"

"दोन्ही लिहावी लागतात."

"त्याचं सहा. माझं त्रेसष्ट."

"काल काय खाल्लं होतं त्यानं?"

बाईंनी ओट्याशी उभ्या असलेल्या बोत्र्यांकडे पाहिलं. बोत्र्यांनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "चार शंकरपाळे."

"चारच?"

"चार वाट्या. आता साहेब, लग्नघर आहे. दारात आलेल्याला नुसतं कसं पाठवायचं? आग्रह केला. त्यानं मोडला नाही."

घोलपांनी 'आग्रह' हा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. मग त्यांनी नोटीस वाचून दाखवली. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत तेल पूर्ववत न तापल्यास सदर श्वानास नदीपलीकडे हलवण्यात येईल. नदीपलीकडे कुणी राहत नाही, त्यामुळे तिथे तेलाचा प्रश्न येत नाही. तिकडे गेलेला कुत्रा परत आल्याची नोंद नाही, हेही घोलपांनी सांगितलं, पण हळू आवाजात. माणूस वाईट नव्हता.

बाईंचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात काहीही बोललं की मान वर करून ऐकणारा एवढा एकच जीव उरला होता. टिप्या गेला तर मी बोलायचं कुणाशी, भिंतींशी? त्यांनी तडक जनावरांच्या डॉक्टर निकमबाईंना फोन लावला.

निकमबाईंनी टिप्याच्या हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, पोट दाबलं. "धोका नाही. उद्याचा दिवस पोटाला पूर्ण आराम द्या," त्या म्हणाल्या आणि एक म्हैस अडली होती म्हणून स्कूटरला किक मारून गेल्या.

पोटाला आराम म्हणजे उपवास, यावर आळीचं एकमत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आणि उपवास करायचा तर तो नीट करायचा.

बुधवारी शिंपी आळीनं टिप्याचा उपवास यथासांग केला. सकाळी बोत्रीणबाईंनी साबुदाण्याची खिचडी आणली, तुपातली, वर ओलं खोबरं. मग रताळ्याचा कीस आला. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चार वाजता कुणीतरी राजगिऱ्याचे लाडू घेऊन आलं, कारण उपाशी पोटी जिवाला आधार हवा. बाईंनी स्वतः खमंग काकडी केली आणि प्रत्येक पदार्थाच्या वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, "खा रे राजा, चालतं उपवासाला." एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण माणसांसाठी आहे. टिप्यानं चौपट केली.

त्याचा परिणाम रात्रभर सोसून गुरुवारी सकाळी बाई स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा कढईतलं तेल गोठलं होतं. त्यात पळी उभी राहिली.

निकमबाई सात वाजता आल्या. त्यांनी आधी पळी पाहिली, मग टिप्याला.

"काय दिलंत याला?"

"काहीसुद्धा नाही. उपवासाचंच तेवढं."

निकमबाई पाटावर बसल्या. "काकू, त्याला काहीही द्यायचं नाहीये."

"फळ?"

"नाही."

"बरं, कपभर दूध?"

"दूध तर मुळीच नाही. दर अर्ध्या तासानं दोन चमचे पाणी. संध्याकाळी सातला मऊ भात, बिनमिठाचा, उकडलेला भोपळा कालवून. तोवर कुणी तुकडा दाखवायला आलं तरी परत पाठवा. जमेल?"

खटावकरांच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं; वीजमीटर वाचायला येणारा माणूससुद्धा पोहे खाऊन जायचा. पण नदीपलीकडची ओसाड वाट त्यांच्या डोळ्यांपुढे आली. "जमेल," त्या म्हणाल्या.

त्यांनी दाराला आडवी काठी लावली आणि उंबऱ्यात ठाण मांडलं. साडेआठला बोत्रीणबाई पदराखाली वाटी झाकून आल्या.

"एवढंसं थालीपीठ आहे, उपवासाच्या भाजणीचं. नुसती चव घेऊ द्या लेकराला."

"नको."

"अहो, पण घासभर..."

"बोत्रीणबाई, तुमच्या कांचनची पंगत कोरडी उठायला हवी का?"

बोत्रीणबाई वाटी घेऊन परत गेल्या. त्यानंतर दुपारपर्यंत अकरा जण आले आणि अकरा जण फिरले. कुणी रागावलं, कुणी म्हणालं, इंदुमतीबाईंचं काळीज दगडाचं झालं. त्या काठी धरून बसून राहिल्या.

लोकांचं ठीक होतं. अवघड झालं ते तीन वाजता. टिप्यानं आपली ॲल्युमिनियमची थाळी तोंडात धरून आणली, बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि त्यांच्याकडे पाहत बसला. बाईंना हुंदका आवरला नाही. "मी तरी कुठे जेवलेय रे?" त्या म्हणाल्या, आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की चाळीस वर्षांच्या एकादशा धरल्या तर त्यांचाही हा पहिलाच खरा उपवास होता. त्यांनी थाळीत दोन चमचे पाणी ओतलं. टिप्या ते प्यायला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला.

पाचच्या सुमारास त्याच्या पोटातली गुरगुर थांबली. आतमध्ये कढईत उभी असलेली पळी आडवी झाली. सात वाजता बाईंनी भात-भोपळा कालवला, मोजून चार घास दिले आणि पाचवा मागितल्यावर तोंड फिरवलं.

शुक्रवारी साडेआठला मांडवात मोठी कढई चुलाणावर चढली होती. आचारी कणकेचे गोळे करून बसले होते. घोलप तापमापक धरून उभे होते. "एकतीस," ते दर मिनिटाला म्हणत. "एकतीसच." वऱ्हाड घोळक्यानं उभं होतं, सनईवाले सनई मांडीवर ठेवून बसले होते.

आठ चाळीसला टिप्या उठला, आळस दिला आणि लिंबाच्या झाडामागे गेला. घोलपांनी पाच पंच निवडले आणि ते मागोमाग गेले. मग झाडामागून घोलपांचा आवाज आला. ते पंचनामा मोठ्यानं सांगत होते.

"आकार लांबट. रंग योग्य. घट्टपणा..." ते खाली वाकले असावेत. "घट्टपणा समाधानकारक!"

दत्तोबा बोत्र्यांनी पंच म्हणून सही केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच क्षणी मांडवातून आचारी ओरडला, "तापलं! तापलं हो!" पहिली पुरी तेलात पडली, तळाशी गेली, वर आली आणि टम्म फुगली. सनई सुरू झाली. बायका इंदुमतीबाईंच्या गळ्यात पडल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

आणि आनंदाच्या भरात आळी आपल्या मूळ स्वभावावर गेली. नवरी कांचन, मुंडावळ्या बांधलेली, स्वतः ती पहिली पुरी ताटलीत घेऊन टिप्यापुढे आली. वर श्रीखंडाचा गोळा. "मान तुझा," ती म्हणाली. "एवढी तरी घ्यायलाच हवी. माझी शपथ."

"घे रे, घे!" सगळी आळी म्हणाली.

टिप्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तिकडे चुलाणाशी तेलाचा आवाज बसला. "एकशे साठ," घोलप म्हणाले. "एकशे चाळीस. नव्वद. नऊला सात कमी आहेत. मी अजून निर्णय दिलेला नाही."

इंदुमतीबाई दोन पावलं पुढे झाल्या आणि थांबल्या. नवरीला, तिच्या लग्नाच्या दिवशी, तिच्या हातच्या पानाला नको कसं म्हणायचं?

टिप्यानं पुरी हुंगली. मग श्रीखंड हुंगलं. त्यानं कांचनकडे पाहिलं, अगदी आदरानं, आणि मान बाजूला वळवली. कांचननं ताटली पुन्हा पुढे केली. त्यानं मान दुसऱ्या बाजूला वळवली, उठला, आणि बाईंच्या पायाशी येऊन बसला.

कढईतलं तेल खळखळून उसळलं. आचाऱ्यानं घाईनं आच कमी केली.

शिंपी आळीत आग्रह मोडल्याची ही पहिलीच घटना होती, आणि कुणाला राग आला नव्हता. मग दत्तोबा बोत्र्यांनी टोपी काढली आणि टिप्याला वाकून नमस्कार केला. घोलपांनी नोटीस टराटरा फाडली, निर्णयाच्या रकान्यात 'श्वान आळीतच राहील' असं लिहिलं, आणि शेऱ्यासाठी जागा उरली होती तिथे 'नको म्हणाला' एवढं लिहून सही केली.

पंगत बसली. इंदुमतीबाईंनी त्या दिवशी चौदा पुऱ्या खाल्ल्या.