दातांचे डॉक्टर मोकळे आहेत!

"पाच मिनिटांचं काम आहे!" असं खटपट्याने जाहीर केलं, तेव्हा ताईने मावशीकडे पाहिलं आणि मावशीने छताकडे. त्याच्या मागच्या पाच मिनिटांच्या कामानंतर दाराची घंटा दाबली की न्हाणीघरातला दिवा लागत असे.

खटपट्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि तिथे न संपलेला उत्साह घरी आणून घरावर काढायचा. ताई सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवा स्पंज, नवं कापड चढवायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत राबली, आता घराखालचीच खोली घेऊन स्वतःचा धंदा मांडत होती. पाटी रंगवणारा पेंटर उद्या सकाळी येणार होता, आणि पाटीवर काय लिहायचं याचाच पत्ता नव्हता! कारण ताईचा हट्ट असा, की जे नाव पाटीवर तेच वेबसाइटला.

स्वयंपाकघरात एक टॅब्लेट असायचा. त्यातल्या एआय सहाय्यकाला घरातलं कुणीही काहीही विचारायचं. ताईने त्याला नावं विचारली. त्याने लाह्या फुटाव्यात तशी नावं काढली आणि प्रत्येकापुढे छातीठोकपणे सांगितलं, 'हे उपलब्ध आहे!' ताई घ्यायला गेली की ते कुणीतरी केव्हाच घेऊन बसलेलं.

"अगं, तो अंदाजपंचे ठोकतोय," खटपट्या म्हणाला. "हुशार आहे, पण खोलीत कोंडलेला. बाहेर काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. मी त्याला एक अवजार बनवून देतो. तू नाव विचारलंस की तो थेट वेबसाइटची नावं नोंदवणाऱ्या यंत्रणेला विचारेल आणि खरं काय ते सांगेल."

आणि काय सांगावं, दुपारपर्यंत अवजार चालूसुद्धा झालं! न्हाणीघरातला दिवाही लागला नाही. ते अवजार केव्हा वापरायचं हे सहाय्यकाला सांगायला खटपट्याने शेवटी एक सूचना लिहिली : 'कुणी अमुक मोकळं आहे का असं विचारलं, तर हे वापर. मोकळं असेल तर लवकर घेण्याचा आग्रह कर.' बस्स, दोन वाक्यं! इतकी सुटसुटीत सूचना आपण लिहिली म्हणून त्याने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही.

ताईने पहिलंच नाव विचारलं, 'हाश्शहुश्श'. उत्तर आलं, घेतलेलं आहे, मालकाची ओळख गुप्त. ताई हिरमुसली आणि खाली एका खुर्चीचं कापड ताणायला निघून गेली. खटपट्या जरा आडवा झाला. टॅब्लेटपाशी उरली मावशी.

या मावशीनेच दोघांना वाढवलं होतं, आणि आता तिची एकच इच्छा उरली होती : ताईचं लग्न. समोरच्या इमारतीत नुकताच दातांचा दवाखाना उघडला होता. डॉक्टर तरुण, बोलायला गोड, आणि मावशीला रस्त्यात बघून स्कूटर थांबवणारा. एवढं भांडवल मावशीला पुरेसं होतं. तिने टॅब्लेटवर एका बोटाने टाइप केलं, 'समोरचे दातांचे डॉक्टर अजून मोकळे आहेत का?'

सहाय्यकाने हुकमाप्रमाणे 'दातांचे डॉक्टर' हे शब्द सलग जोडले, विचारून आला आणि म्हणाला, 'आनंदाची बातमी! "दातांचे डॉक्टर" मोकळे आहेत. ते कुणाच्याही नावावर नाहीत. उशीर केलात तर दुसरं कुणी घेऊन जाईल. सुरुवातीला एका वर्षासाठी घ्या, आवडल्यास मुदत वाढवता येईल.'

"एका वर्षासाठी?" मावशी पुटपुटली. "काय तरी एकेक नवीन निघतंय!"

पण कुणी घेऊन जाईल म्हटल्यावर तिला धीर निघेना. सगळं एकदाच विचारून घ्यावं म्हणून तिने लिहिलं, 'आणि आमची ताई मोकळी आहे ना?'

'क्षमस्व. "आमची ताई" आधीच घेतलेली आहे. मालकाची ओळख गुप्त ठेवण्यात आली आहे.'

मावशी तशीच उठली आणि जिना उतरून दुकानात गेली.

ताई खुर्चीवर वाकली होती. ओठांत बारीक खिळे धरलेले, हातात हातोडी.

"मला सगळं कळलंय," मावशी म्हणाली. "कुणीतरी घेतलंय."

ताईला वाटलं, हाश्शहुश्शचंच चाललंय. "हं," ती खिळ्यांमधून म्हणाली.

"कोण आहे तो?"

"काय माहीत! नाव लपवलंय त्याने."

"तुलासुद्धा माहीत नाही?"

"कसं कळणार? असे खूप असतात, मावशी. नुसतं घेऊन ठेवतात, वापरत काही नाहीत."

"आणि तुला हे चालतं?"

"न चालून सांगू कुणाला? मी दुसरं बघतेय. सापडलं की आजच घेऊन टाकते!" आणि ताईने एक खिळा ठाण्णकन ठोकला.

आता मात्र वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. ही पोरगी संध्याकाळपर्यंत कुणालाही उचलून आणेल! मावशीने रस्ता ओलांडला.

इकडे खटपट्या पाणी प्यायला उठला. आपलं अवजार कसं चाललंय ते कौतुकाने बघावं म्हणून त्याने टॅब्लेट उचलला, आणि मावशीचे प्रश्न वाचले. मग उत्तरं वाचली. मग पेला तिथेच ठेवून, एका पायात स्वतःची आणि एका पायात ताईची चप्पल घालून तो पळत सुटला.

दवाखान्यात मावशी आडव्या खुर्चीत होती. तोंड उघडं, तोंडात आरसा. पलीकडे एक बाई लाळ ओढायची नळी धरून उभ्या होत्या.

"यांना भलतंच दुखतंय," डॉक्टर काळजीने म्हणाले. "मोकळे आहात का विचारत आल्या, मी म्हटलं, आहे ना, बसा. तेव्हापासून सारखं काहीतरी सांगायचा प्रयत्न करतायत. दाढ किडलीय."

"मावशी, मोकळे ते नाहीत!" खटपट्या धापा टाकत ओरडला. "त्यांची वेबसाइट मोकळी आहे! म्हणजे नाव! माणूस नाही!"

डॉक्टरांना काही कळेना. खटपट्याने सगळं समजावून सांगितलं, आणि समजावताना वाक्यागणिक त्याची मान आणखी खाली गेली. सगळं ऐकून डॉक्टर कानापर्यंत लाल झाले आणि नळीवाल्या बाईंकडे हात करून म्हणाले, "मावशी, ही माझी बायको."

मावशीने आरसा बाजूला सारला. काही झालं तरी ती चोख बाई होती. "माझं चुकलं हो," ती त्या बाईंना म्हणाली, "पण मला काय ठाऊक? त्यात तसंच लिहिलं होतं. वर्षभरासाठी मिळतील म्हणून."

त्या बाईंनी क्षणभर विचार केला.

"न्या की," त्या म्हणाल्या. "पण वर्षाने परत आणून देऊ नका."

"नीट बसा," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "दाढ राहिलीय."

ताईला हे कळलं तेव्हा तोंडातले खिळे आधी काढून घेतले होते म्हणून बरं. हसता हसता ती नव्या खुर्चीवरून घसरली. "नीट बसा!" खटपट्या ओरडला, आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, हेच नाव! त्याने लगेच टॅब्लेटवर विचारलं. 'नीट बसा' मोकळं होतं! ताईने ते तिथल्या तिथे घेतलं, आणि सकाळी पेंटरने पाटीवर रंगवलं.

खटपट्याने सूचना नव्याने लिहिली. ती आता पानभर झाली : हे फक्त वेबसाइटच्या नावांसाठी, माणसांसाठी नाही, शंका आली तर विचारून घे, आग्रह कशाचाच करू नको. मग त्याने मुद्दाम मावशीलाच तपासायला बसवलं.

मावशीने टाइप केलं, 'कोपऱ्यावरचे पशुवैद्य मोकळे आहेत का?'

'एखादी व्यक्ती मोकळी आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. कृपया त्यांनाच विचारा.'

मावशीने टॅब्लेट खटपट्यासमोर सरकवला आणि सुजलेल्या गालावर हात ठेवत म्हणाली, "केलास ना नादुरुस्त? काल किती छान सांगत होता!"